चांगली भाषा पुढच्या गावात

"फ्रान्सला चाललीस ना? मग फ्रेंच शीक की!" आईचं म्हणणं सरळ होतं. ब्रेटन नावाची भाषा असते, ती फ्रान्सच्या पश्चिम टोकाला बोलतात आणि तिच्यावर कुणी डॉक्टरेट करू शकतं, हे तिला पटेना. शेवटी तिनं सगळ्या नातेवाइकांना 'पोरगी फ्रेंचमध्ये पीएचडी करतीय' असं परस्पर सांगून टाकलं. लग्नाच्या बाजारात त्यातल्या त्यात ते बरं दिसतं. मामानं फोनवर विचारलं, "म्हणजे तिकडची अहिराणी का?" मी त्याला सांगायला गेले की ती फ्रेंचची बोली नव्हेच, तिचं सख्खं गोत समुद्रापलीकडे वेल्समध्ये आणि कॉर्नवॉलमध्ये, दीडेक हजार वर्षांपूर्वी ब्रिटनमधून आलेल्या लोकांनी ती तिकडं नेली, वगैरे. मामा म्हणाला, "बरं बरं. जेवण वेळेवर करत जा."

माझी घाई मात्र खरी होती. १९५०च्या सुमारास ब्रेटन बोलणारे दहा लाखांच्या आसपास होते. २०१८च्या पाहणीत ते दोन लाखांवर आले आणि २०२४च्या पाहणीत एक लाख सात हजारांवर. त्यांतही म्हातारी माणसंच जास्त. तेव्हा जो उन्हाळा मिळेल तो पदरात पाडून घ्यायचा, असं ठरवून मी ब्रिटनीच्या, म्हणजे फ्रान्सच्या त्याच पश्चिम टोकाच्या, मधल्या भागात, कारे गावाच्या आसपास मुक्काम ठोकला.

'उन्हाळा' हा शब्द अनुदानाच्या अर्जात होता म्हणून वापरतेय. जुलैत तिथं जे काही पडतं त्याला मिरजेत आषाढ म्हणतात. शिवाय शाळांना सुट्टी लागली की खेड्यांतल्या बऱ्याच बसनाही सुट्टी लागते, कारण त्या मुळात पोरांसाठीच असतात. संशोधकांना मात्र सुट्टी लागली की खेड्यात जावं लागतं. तेव्हा मी छत्री, रेकॉर्डर आणि प्रश्नावली घेऊन पायी निघायचे. वाटेत गाई भेटायच्या. त्यांची मुलाखत घ्यायची परवानगी नव्हती.

पाठ्यपुस्तकातला पहिला धडा 'देमात'नं सुरू होतो. देमात म्हणजे नमस्कार. पहिल्या घराचं दार एका आजींनी उघडलं, मी छान घोटलेलं देमात केलं. आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शुद्ध फ्रेंचमध्ये विचारलं, "टीव्हीवरून आलात का?" खेड्यातली जुनी माणसं एकमेकांना देमात करत नाहीत, हे पुस्तकात नव्हतं. ती हवेबद्दल बोलतात. पाऊस आहे, पाऊस होता, पाऊस येणार. (आमच्याकडं तरी कोण 'नमस्कार' म्हणत दार वाजवतं? "हाईसा का घरात?" एवढंच.)

त्यांची भाषा रेकॉर्ड करायला आलेय म्हटल्यावर आजी घाबरल्याच. "माझी? छे! माझं ब्रेटन काही चांगलं नाही, अर्धं फ्रेंच मिसळलेलं. टेकडीपलीकडच्या गावात जा, तिथं चांगलं बोलतात." एव्हाना आजी फ्रेंचवरून ब्रेटनवर आल्या होत्या, आणि हे सगळं त्या न अडखळता, तीन-तीन गौण वाक्यं एकात एक गुंफून म्हणाल्या. अशी गौण वाक्यं मिळावीत म्हणून तर मी सात समुद्र ओलांडून आले होते. रेकॉर्डर अर्थातच बंद होता, कारण संमतीपत्रावर सही व्हायची होती.

टेकडीपलीकडे एक शेतकरी आजोबा भेटले. "आमचं ब्रेटन गुरांशी बोलायचं. चांगलं हवं असेल तर उत्तरेला लेओनमध्ये जा." लेओनचा तसा लौकिक आहे खरा. धार्मिक पुस्तकं तिथल्या वळणाची, पाद्री तिथले, त्यामुळं शुद्ध भाषा तिथली, असं मानायची जुनी रीत आहे. एका रविवारी कुणाच्या तरी गाडीत बसून लेओनलाही जाऊन आले. तिथल्या आजी म्हणाल्या, "आम्ही कसलं चांगलं बोलतो! चांगलं बोलायचे ते आमचे जुने फादर. प्रवचन ऐकत राहावं." मी वही काढली. कुठं भेटतील? "चर्चच्या मागं." चर्चच्या मागं दफनभूमी होती.

प्रत्येक नकाराबरोबर कॉफी येई. कॉफीबरोबर क्विन्यामान, म्हणजे कणकेत लोणी आणि साखर घालतात असं म्हणतात, पण मला तरी लोण्यात नावापुरती कणीक घातल्यासारखं लागलं. लोणीही खारं. जुन्या काळी फ्रान्सच्या बऱ्याच भागांत मिठावर जबर कर होता, ब्रिटनीला तो माफ होता, म्हणून हे लोक लोण्यात मीठ घालत राहिले. आजोबा मंडळी असली तर कॉफीत हळूच लाम्बिग पडे. ही सफरचंदाच्या सायडरची दारू. सकाळी दहाला चांगलं ब्रेटन नसलेल्या चार घरांत जाऊन आलेला संशोधक दुपारी प्रश्नावलीचा कुठला कागद आधी हे सांगू शकत नाही. एका घरी मात्र गॅलेटबरोबर (म्हणजे कुट्टूच्या पिठाचं धिरडं) वाडगाभर ताक आलं. तिथं लोक चक्क ताक पितात! त्या घरी मी गरजेपेक्षा जास्त वेळा गेले.

'आमचं काही चांगलं नाही' याची मला आधी गंमत वाटायची, मग वैताग आला, मग कारण कळलं तेव्हा दोन्ही ओसरलं. यांच्या लहानपणी शाळेत ब्रेटन बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडी बूट किंवा तसलंच काहीतरी अडकवायचे. ते उतरवायचा मार्ग एकच, दुसरं कुणी ब्रेटन बोलताना पकडून द्यायचं. मास्तरांना काही करावं लागत नसे, पोरंच पोरांवर पाळत ठेवायची. ही पोरं मोठी झाली आणि त्यांनी आपल्या मुलांशी फ्रेंचच बोलायचं ठरवलं. माझ्या भाच्याच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की वहीत नाव लिहायचे. लिहायचं काम वर्गातल्याच मुलांकडं.

शेवटी ताकवाल्या घरचे आजी-आजोबा तयार झाले. बहुधा मला टेकडीवर सारखं चढताना बघून. मी मोठ्या आदरानं संमतीपत्र ब्रेटनमध्ये छापून नेलं होतं. आजोबांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, चष्मा पुसला. त्यांना ब्रेटनमध्ये ओळही वाचता येत नव्हती, कारण लिहिणं-वाचणं शाळेत आणि शाळा फ्रेंचमध्ये. मग एका भारतीय बाईनं ब्रिटनीच्या माणसाला त्याच्याच भाषेतला कागद मोठ्यानं वाचून दाखवला. आजोबा म्हणाले, "उच्चार सुधारा." आणि सही केली.

ब्रेटनमध्ये शब्द शेवटीच नाही, सुरुवातीलाही बदलतो. घर म्हणजे 'ती'. माझं घर 'मा झी', त्याचं घर 'ए दी', तिचं घर 'ए झी'. नवऱ्याचं की बायकोचं, ते पहिल्या अक्षरावरून ओळखायचं. शब्दकोशात 'झी' शोधायला गेलात तर जन्मभर शोधा. मला ही रूपं आजोबांच्या तोंडून हवी होती.

"'त्याचं घर' म्हणा."

"कुणाचं?"

"कुणाचंही. शेजाऱ्यांचं म्हणा."

"ते तिच्या नावावर आहे." आणि आजोबांनी ठणठणीत 'ए झी' रेकॉर्ड केलं.

"बरं, 'माझी गाय पांढरी आहे.'"

"गाई कधीच विकल्या."

"समजा, असती तर?"

"असती तर पांढरी कशाला घेईन? काळी-पांढरी घेईन."

सुशिक्षित माणूस खोट्या गाईबद्दल सहज बोलतो. आजोबांना ते जमेना, आणि माझ्या प्रबंधाचा तिसरा भाग सगळा खोट्या गाईंवर उभा होता.

आकड्यांचं प्रकरण मात्र घरच्यासारखं निघालं. साठ म्हणजे तीन विसा, सत्तर म्हणजे दहा आणि तीन विसा. आमची पणजी बाजारात असाच हिशेब करायची. मी आनंदानं तसं सांगितलं, तर आजी म्हणाल्या, "मग तुम्ही इतक्या लांब कशाला आलात?" आईचा फोन यांना जात असावा.

रेकॉर्डिंगमध्ये घड्याळ, फ्रिज आणि कुत्रा यांचा मोठा सहभाग आहे. कुत्र्याचं योगदान मोलाचं ठरलं. ब्रिटनीच्या त्या मधल्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी ब्रेटनमध्ये 'तू' वापरतच नाहीत, सगळ्यांना 'तुम्ही'. मी हे वाचलं होतं, पण आजी भर मुलाखतीत टेबलाखाली वाकून कुत्र्याला अहो-जाहो करत "तुम्ही बाहेर व्हा बघू!" म्हणाल्या, तेव्हा खरं वाटलं. आमच्या भागात प्रत्यक्ष आमदाराला 'अरे' म्हणतात. कुत्रा हलला नाही. एवढा मान दिल्यावर कोण हलेल?

ऑगस्टमध्ये नातू आला. तो दिवान शाळेत शिकलेला. या शाळा १९७७पासून चालू आहेत आणि तिथं जवळजवळ सगळं ब्रेटनमधून शिकवतात. मला वाटलं, आता आजी आणि नातू यांचा संवाद टिपायला मिळणार, प्रबंध आपोआप पुरा होणार. दोघं समोरासमोर बसले आणि फ्रेंच बोलू लागले. आजी हळूच मला म्हणाल्या, "तो पुस्तकी बोलतो, मला कळत नाही." नातू मागच्या दारी म्हणाला, "आजी शब्द खाते, मला कळत नाही." फोनला तो 'पेल्गोम्झ' म्हणतो, आजी टेलिफोन म्हणतात. आमच्याकडंही 'दूरध्वनी' सरकारी पाटीवरच वाजतो. मी दोघांच्या मध्ये बसून आजींचं ब्रेटन नातवाला आणि नातवाचं आजींना सांगत राहिले. आईनं हे पाहिलं असतं तर तिला माझ्या पदवीचा उपयोग बहुधा पटला असता.

निघायच्या आधी आजोबांनी रेकॉर्डर ओढून माझ्यापुढं केला. "आता तुमची पाळी. तुमची भाषा बोला, आम्ही ऐकतो."

मी घसा खाकरला आणि म्हटलं, "माझी मराठी तशी काही चांगली नाही हो. आमच्याकडं कानडी मिसळलेली. चांगली ऐकायची तर पुण्याला जायला पाहिजे."

मग मीच ते ब्रेटनमधून सांगितल्यावर दोघांनी समजूतदारपणे माना हलवल्या. आजींनी विचारलं, "आणि पुण्याचे लोक कुठं पाठवतात?"

"कुठंच नाही. त्यांच्या मते चांगली मराठी पुण्यातच. त्यातही दोन-चार पेठांतच."

"लाजत नाहीत?"

"अजिबात नाही. उलट आपलीच दुरुस्त करतात."

आजोबा बराच वेळ विचार करत राहिले. मग आजींकडं वळून म्हणाले, "असं एखादं गाव आपल्यातही पाहिजे होतं." आणि माझ्या कॉफीत लाम्बिग ओतलं.