बर्फ, शेगडी आणि बंद खिडकी

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावात बर्फ पडताना कोणी पाहिलेला नाही, परंतु बर्फाविषयी काहीच ऐकलेले नाही असे घरही इथे सापडणार नाही, कारण दर दोन-तीन घरांआड एक तरी माणूस मिलिटरीत आहे किंवा होता. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आमच्याकडच्या मुलांना भरतीचे मैदान परके वाटत नाही, आणि त्या मैदानावरून निघालेली वाट पुढे कधी ना कधी द्रास, कारगिल किंवा सियाचीनला जाऊन पोहोचते. माझे थोरले बंधू त्याच वाटेने गेले होते. म्हणून त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, चार मित्रांबरोबर मनालीला जायचे ठरवून “आत्या, यंदा जोरात स्नोफॉल चालू आहे, आता नाही गेलं तर कधी जायचं?” असे उत्साहाने सांगू लागला, तेव्हा मला त्याच्या आनंदात मनापासून सामील होता आले नाही.

त्याच्या बॅगेत दोन जीन्स होत्या, सुती मोजे होते आणि दिसायला फुगीर पण आतून पातळ असे एक जॅकेट होते. दादांनी बॅग उघडून पाहिली, सुती मोजे तेवढे बाहेर काढून ठेवले आणि काही न बोलता ते अंगणात निघून गेले. रात्री जेवताना मात्र ते एवढेच म्हणाले, “बर्फ हातात घेतला की कापसागत हलका लागतोय. छपरावर बसला की घर मोडतोय.”

हे वाक्य अक्षरशः खरे आहे. ताज्या, भुसभुशीत बर्फाचा एक मीटर जाडीचा थर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भार टाकतो, आणि तोच बर्फ ओला होऊन दबला की भार तिपटीपर्यंत जाऊ शकतो. मोज्यांचेही तसेच आहे. सुती कापड एकदा ओले झाले की ऊब धरत नाही. लोकर ओली झाली तरी काही प्रमाणात धरते. सियाचीनवर घाम येऊ न देणे हीच एक शिस्त असते, असे दादा सांगतात, कारण हातमोज्यात आलेला घाम चालणे थांबताच गोठतो आणि मग बोटे जातात. जवानांना तिथे एका दमात वर चढवत नाहीत. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १५ हजारांपर्यंत चार दिवस आणि त्याच्या वर आणखी चार दिवस अशा टप्प्यांनी त्यांच्या शरीराला सवय लावली जाते. पर्यटक मात्र संध्याकाळी दिल्लीत बसमध्ये बसतो, सकाळी मनालीत सुमारे २,००० मीटर उंचीवर उतरतो आणि दुपारपर्यंत नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला, ३,००० मीटरच्या वर, फोटो काढत असतो. पर्यटकाने चौदा दिवस थांबावे असे माझे म्हणणे नाही, कारण त्या उंचीत आणि या उंचीत फार फरक आहे. मात्र तिथे डोके ठणकू लागले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर तो प्रवासाचा शीण समजून अंगावर काढू नये, खाली उतरावे. आणि अंगात गरमी राहावी म्हणून दारू घेणे हा तर उलटा उपाय आहे. तिने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे अंग गरम झाल्याचा भास होतो आणि आतली उष्णता मात्र झपाट्याने बाहेर जाते.

एवढे शिक्षण, एवढी सामग्री आणि एवढी शिस्त असूनही बर्फापुढे माणूस किती लहान असतो, हे आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्याने पाहिलेले आहे. कुंदगोळ तालुक्यातील बेटदूरचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवर १९,६०० फुटांवरील सोनम चौकीत आपल्या साथीदारांसह हिमस्खलनाखाली गाडले गेले. सहा दिवसांनी, दगडासारखा झालेला बर्फ यंत्रांनी कापत गेलेल्या जवानांना ते जिवंत सापडले. त्या दोन-तीन दिवसांत आमच्या गावात मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतून त्यांच्यासाठी नवस बोलले गेले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात ते गेले. दहा जणांपैकी एकही वाचला नाही. त्या दिवशी दादा जेवले नव्हते.

हे सगळे भाच्याला सांगितल्यावर तो म्हणाला की, सियाचीनची गोष्ट वेगळी आणि मनालीची वेगळी. ते मला मान्य आहे, आणि म्हणूनच मला जे सांगायचे आहे ते उंचीविषयी किंवा उणे अंशांविषयी नाही. जपानमधील सापोरो या सुमारे १९ लाख वस्तीच्या शहरात दर हिवाळ्यात पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो आणि तरीही शाळा भरतात, भुयारी रेल्वे धावते, रात्रीतून रस्ते साफ होतात. याउलट अमेरिकेतील टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये काही दिवसच कडाक्याची थंडी आणि बर्फ आला, तेव्हा ४० लाखांहून अधिक घरांची वीज गेली, नळ फुटले आणि सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली. गॅसच्या विहिरी आणि वीज केंद्रे थंडीसाठी तयार ठेवलेली नव्हती, आणि तशी ती ठेवावीत हा सल्ला २०११ च्या थंडीनंतर दिला गेलेला होता. म्हणजे एकीकडे पाच मीटर बर्फ पचला आणि दुसरीकडे त्याच्या कितीतरी कमी बर्फाने श्रीमंत राज्य कोलमडले. जानेवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्ससारख्या उष्ण शहरात आठ इंच बर्फ पडला; असे प्रसंग आता सवय नसलेल्या जागी येतात, तर आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळपास कोरडे राहिले होते. मग ज्या वर्षी बर्फ पडतो त्या वर्षी सगळे एकाच वेळी धावतात, आणि मला भीती वाटते ती या गर्दीची.

पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारी २०२२ मध्ये हेच झाले. बर्फ बघायला हजारो गाड्या डोंगरावर चढल्या, एका रात्रीत प्रचंड बर्फ पडला, वाट बंद झाली आणि वीसहून अधिक माणसे आपापल्या गाड्यांत मरण पावली. काचा लावून आणि हीटर चालू ठेवून बसलेल्यांपैकी काहींचा जीव थंडीने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड या वायूने गेला, हे नंतर समोर आले. गाडीची धूर सोडणारी नळी बर्फात गाडली जाते, धूर मागे फिरून आत येतो, त्यातल्या या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि उबेत डोळा लागलेला माणूस पुन्हा उठत नाही. म्हणून भाच्याला मी दोनच गोष्टी वहीच्या कागदावर लिहून दिल्या. गाडी अडकली तर आधी खाली उतरून मागची नळी मोकळी करावी, इंजिन सतत चालू न ठेवता थोडा वेळच लावावे आणि एक काच बोटभर उघडी ठेवावी. आणि बोटे पांढरी, बधिर झाली तर ती बर्फाने चोळू नयेत, आगीवर धरू नयेत, निवाऱ्याला पोहोचल्यावर कोमट पाण्यात ठेवावीत.

पण हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मरीपेक्षा आमची आळी येते. उत्तरेत पश्चिमी चक्रावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे पावसाबर्फाचे वादळ, बर्फ टाकून पुढे सरकला की तिकडचे गार वारे आपल्यापर्यंत पोहोचतात, आणि मग बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पहाटेचा पारा अचानक घसरतो. आपल्या घरांना अशा थंडीची सवय नाही. मग घमेल्यात निखारे घेऊन किंवा कोळशाची शेगडी खोलीत ठेवून, वारा येऊ नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबून माणसे झोपतात. फडाकडेला खोपीत राहणारे ऊसतोड मजूर ताडपत्री चारी बाजूंनी आवळून आत चूल धुमसत ठेवतात, लेकरे त्याच धुरात निजतात. वायू तोच आहे, जो मरीच्या गाड्यांत होता. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपल्या भागातूनही आलेल्या आहेत, आणि तरीही दर थंडीत आपण तेच करतो.

थंडीविषयीच्या सूचना आमच्याकडे बहुतेक कन्नडमध्ये येतात. मला कन्नड वाचता येते, मी शाळेत शिकवले आहे. पण आळीतल्या सत्तरीच्या बायकांना येत नाही, आणि बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांना तर मुळीच येत नाही. जिवाशी संबंधित चार ओळी मराठीतही छापाव्यात, एवढी मागणी करण्यात कोणाचा मान कमी होतो असे मला वाटत नाही. तोवर ज्यांना वाचता येते त्यांनी शेजारी जाऊन सांगावे. साखर कारखान्याच्या वाटेवर ज्यांची शेते आहेत त्यांनी खोपीत डोकावून सांगावे की, चूल दाराबाहेर विझवून मगच झोपा, आणि घरात असलेली एखादी जुनी वाकळ त्यांना द्यावी.

काल रात्री मी शेजारच्या आजींकडे गेले. शेगडी खाटेजवळ होती आणि खिडकी बंद. मी शेगडी उचलून अंगणात ठेवली आणि खिडकीचे एक दार चार बोटे उघडले. “अगं, वारं येतंय की,” म्हणून त्या रागावल्या. त्यांच्या सुनेने माळ्यावरून दुसरी वाकळ काढली, मी पायांशी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि त्यांना झोप लागेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.