बर्फ चघळायला विसरू नका
बोन मॅरो ट्रान्सप्लांटवरच्या लेखात, नंतर ‘तोंड येतं’ एवढंच एका ओळीत लिहिलंय, पण पेशंटला तेच सगळ्यात जास्त छळतं हो. आईचं मायलोमासाठी (हा रक्ताचा एक कॅन्सर) ट्रान्सप्लांट झालं तेव्हा मेल्फलान हे केमोचं औषध चालू असताना नर्सताईंनी तिला सतत बर्फ चघळायला लावला, गारव्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोचतं, तरी आठव्या दिवशी फोड आलेच, थुंकीसुद्धा गिळवेना, मग मीठ-सोड्याच्या गुळण्या, मऊ ब्रश, दुखण्याचं औषध, आणि पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या तशा जखमा भरल्या. अल्कोहोलवाला माउथवॉश अजिबात नको! दातांचं काम आधीच उरका. दुसऱ्याच्या पेशी घेतल्या असतील तर कित्येक महिन्यांनीही तोंड कोरडं पडलं, तिखट झोंबलं, गालाच्या आत पांढऱ्या रेघा दिसल्या तर जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी पेशंटच्या शरीरावरच हल्ला करतात तो त्रास) असू शकतो, लगेच दाखवा प्लीज.