मालक गेल्यावर काय उरतं?

डिसेंबर २०२५मध्ये मँचेस्टर सिटी चालवणाऱ्या, अबू धाबीच्या पैशावरच्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबमधला आपला हिस्सा सोडला आणि आमच्या जुन्या मित्रमंडळीत दोन तट पडले. एक तट म्हणे, ‘बघा, परदेशी आले, चषक मिरवले आणि निघून गेले.’ दुसरा म्हणे, ‘जाणारच की! इंडियन सुपर लीगचाच पत्ता नाही, तिथे कोण कशाला पैसा ओतेल?’ मी मँचेस्टरात राहतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मला साक्षीला ओढलं. तुमच्याकडे यावर काय चर्चा आहे? खरं सांगायचं तर काहीच नाही. आपल्या मालकाचा मुंबईतही एक क्लब होता, एवढंच इथल्या बहुतेक सिटीवाल्यांना अंधुक माहीत असतं. आठवड्याच्या शेवटी सामना आहे, पाऊस आहे, तिकिटं महाग झालीत, बोलायला तेवढं पुरतं.

पण या दोन्ही तटांचं भांडण मला एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतं : पैसा कुणाचा? तो परदेशी असावा की देशी, तेलाचा असावा की सिनेमाचा. या शहरात राहून माझं मत असं झालंय की त्या प्रश्नाने फार काही कळत नाही. मालक सगळीकडेच येतात-जातात. तो गेला की क्लब कुठवर खाली पडतो आणि तिथे त्याला धरायला कोण असतं, हे बघायला हवं.

मँचेस्टर सिटीची सुरुवात १८८०मध्ये वेस्ट गॉर्टन नावाच्या गरीब, कारखान्यांच्या वस्तीत झाली. सेंट मार्क्स चर्चच्या लोकांनी तिथल्या तरुणांना दारू आणि टोळ्यांच्या मारामाऱ्यांपासून लांब ठेवायला संघ काढला. कोल्हापूरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तालमीत पोरं आली की वाया जात नाहीत, हा आपल्या आजोबांचा हिशोबही हाच होता. पुढे तो क्लब आर्डविक झाला आणि १८९४मध्ये मँचेस्टर सिटी. त्याच वर्षी मँचेस्टरचा जहाजी कालवा खुला झाला, समुद्रातली जहाजं लिव्हरपूलच्या गोदीला वळसा घालून थेट इथवर येऊ लागली. या दोन शहरांतल्या फुटबॉलच्या खुन्नशीमागे ही जुनी धंद्याची चढाओढही आहे. (इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणतात हे ऐकत मी मोठा झालो. इथल्या गिरण्यांचे आता फ्लॅट झालेत. उपमा द्यायची तर जपून द्यावी.)

आज सिटीवर आरोप आहेत ते पैशांचे. फेब्रुवारी २०२३मध्ये प्रीमियर लीगने हिशेब आणि नियमभंगाचे शंभरावर आरोप ठेवले. क्लबने ते नाकारले. त्याआधी २०२०मध्ये युरोपच्या महासंघाने घातलेली दोन वर्षांची बंदी क्रीडा लवादाने उठवली होती, दंड मात्र कमी करून कायम ठेवला. शेजारचे मँचेस्टर युनायटेडवाले यावरून टोमणे मारतात की तुमचा इतिहास २००८ला, अबू धाबीच्या पैशाने, सुरू होतो आणि वकिलाच्या फायलीत संपतो. टोमणा झकास आहे, पण इतिहास म्हणून कच्चा. १९०४मध्ये सिटीने बोल्टनला हरवून एफए कप हा इंग्लंडचा बाद पद्धतीचा चषक पहिल्यांदा जिंकला, गोल बिली मेरेडिथचा. दोन वर्षांत फुटबॉल असोसिएशनच्या चौकशीत निघालं की आठवड्याला जास्तीत जास्त ४ पौंड पगाराचा नियम मोडून क्लब खेळाडूंना चोरून जास्त पैसे देत होता. १७ खेळाडूंवर बंदी आली, ते पुन्हा सिटीकडून खेळू शकणार नव्हते, म्हणून त्यांना विकायला काढलं. मेरेडिथसह त्यातले चार उत्तम खेळाडू कुणी नेले? युनायटेडने. त्यांच्या जोरावर १९०८मध्ये युनायटेडने आपली पहिली लीग जिंकली. म्हणजे ‘विकत घेतलेलं यश’ या विषयावर दोघांनाही बोलायला शंभर वर्षांहून जास्त काळ खाद्य आहे.

हे वैर बाहेरून दिसतं तसं सरळ नाही. युनायटेडला मोठं करणारे मॅट बझबी खेळाडू म्हणून सिटीचे. १९३४चा एफए कप त्यांनी सिटीकडून जिंकला. मार्च १९४१मध्ये जर्मन बॉम्बनी युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान उद्ध्वस्त झालं, तेव्हा युनायटेडला मैदान दिलं सिटीने. युद्धानंतर १९४९पर्यंत युनायटेडचे घरचे सामने सिटीच्या मेन रोडवर झाले. १९५८च्या म्युनिक विमान अपघातात युनायटेडचा तरुण संघ कापला गेला. त्या विमानात वार्ताहर म्हणून गेलेला सिटीचा लाडका माजी गोलकीपर फ्रँक स्विफ्टही होता, तोही गेला. आणि २७ एप्रिल १९७४ : अकरा वर्षं युनायटेडचा देव असलेला डेनिस लॉ सिटीकडून ओल्ड ट्रॅफर्डवर खेळताना टाचेने गोल मारतो, खाली मान घालून उभा राहतो, एकदाही हात वर करत नाही. युनायटेड त्या वर्षी खालच्या श्रेणीत घसरलं. इतर निकालांमुळे ते तसंही घसरणारच होतं, पण हा तपशील सिटीवाल्याला सांगून बघा, तो ऐकणार नाही.

मला या क्लबच्या सगळ्या गोष्टींत १९९८-९९चा हंगाम मोठा वाटतो, आणि त्यात चषक म्हणावा असा काहीच नाही. घोळ घालण्यात सिटीचा हात कुणी धरत नसे. १९३७मध्ये विजेते, पुढच्याच वर्षी सगळ्यांत जास्त गोल करूनही खालच्या श्रेणीत, हा पराक्रम त्यांचाच. १९९८मध्ये तर क्लब थेट तिसऱ्या श्रेणीत गेला. २६ मे १९९९ला युनायटेडने बार्सिलोनात युरोपियन चषक उचलून एका मोसमातले तीन चषक पूर्ण केले. चारच दिवसांनी सिटी वेम्बलीवर जिलिंगहॅमशी खेळत होती, तिसऱ्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत चढण्यासाठी. सामना संपत आलेला, सिटी ०-२ मागे, लोक उठून स्टेशनकडे निघालेले. नव्वदाव्या मिनिटाला हॉरलॉकचा गोल, पंच्याण्णवाव्या मिनिटाला डिकॉव्हचा, मग पेनल्टीवर विजय. त्या वर्षी तिसऱ्या श्रेणीतले सामने बघायला मेन रोडवर सरासरी २८ हजार माणूस येत होतं.

हे अठ्ठावीस हजार मला आजच्या अब्जावधींपेक्षा महत्त्वाचे वाटतात. २००७मध्ये थायलंडचे माजी पंतप्रधान थाकसिन यांनी आणि २००८मध्ये अबू धाबीच्या शेखांनी क्लब घेतला, तो या माणसांसकट घेतला. २००२च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेलं स्टेडियम महापालिकेने क्लबला भाड्याने दिलेलं होतं, गर्दी तयार होती आणि चिडवायला शेजारी तयार होता. ओल्ड ट्रॅफर्डवर एक फलक लावलेला असे, सिटीला शेवटचा मोठा चषक मिळून किती वर्षं झाली ते दाखवणारा. १९७६पासून आकडा चढत चढत पस्तीसवर गेला आणि २०११मध्ये खाली उतरला. पुढच्या वर्षी दोघांचे ८९ गुण झाले आणि सिटीच्या अग्वेरोने शेवटच्या सामन्यात नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत गोल करून लीग सिटीकडे आणली. त्या गोलाची किंमत त्या फलकाने ठरवली होती. नुसत्या पैशाने ती ठरली नसती. त्यानंतरच्या सलग विजेतेपदांचं कौतुक आहेच, २०२१ ते २०२४ असे चार हंगाम ओळीने लीग जिंकणं इंग्लंडमध्ये दुसऱ्या कुणाला जमलं नाही. पण आमच्या गल्लीतला एक निवृत्त बसचालक त्यातल्या निम्म्या सामन्यांची सरमिसळ करतो. जिलिंगहॅमचा सामना मात्र मिनिटागणिक सांगतो.

आता आपल्याकडे बघू. महिंद्र युनायटेडने २००५-०६मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये कंपनीने संघ बंद केला. खाली घसरला नाही, हरला नाही, बंद झाला. पुणे एफसी गेला, एफसी पुणे सिटी राहिला, तोही २०१९मध्ये मिटला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. मुंबई-पुणे सामन्याला ‘महाराष्ट्राची डर्बी’, म्हणजे शेजाऱ्यांची लढत, म्हणत होते. एका संघाच्या मालकाने दुकान आवरलं आणि डर्बी संपली. मुंबई सिटीला त्यानंतर शेजारीच उरला नाही. २०१९मध्ये सिटी ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला, २०२०-२१मध्ये गुणतक्त्यात अव्वल राहिल्याची ढाल आणि अंतिम सामन्याचा चषक दोन्ही आले, २०२२मध्ये आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये गटातला सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. हे खरं कर्तृत्व आहे, त्याला ‘पैशाचा खेळ’ म्हणून हिणवणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण अंधेरीच्या त्या छोट्या स्टेडियममध्ये जिवाला घोर लावणारं काय होतं? हरला तर शेवटचा नंबर. पुढच्या वर्षी तीच लीग, तेच संघ. इंडियन सुपर लीग २०१४मध्ये सुरू झाली, २०२५पर्यंत अकरा हंगाम झाले, एकही संघ खाली गेला नाही. २०२३पासून आय-लीग या खालच्या लीगचा विजेता वर येऊ लागला, पंजाब आणि मोहमेडन आले, तेवढीच एक झडप उघडली. मग २०२५मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षाला ५० कोटींचा व्यावसायिक करार संपत आला आणि अख्खी लीगच अधांतरी लटकली. एका करारावर सगळं उभं असेल तर सिटी ग्रुपने पाय काढला याचं आश्चर्य कशाला?

मित्रांना मी हे सांगतो तेव्हा कोल्हापूरवाले लगेच छाती काढतात. आमच्याकडे बघा म्हणतात. पाटाकडील आणि दिलबहार, बालगोपाल आणि प्रॅक्टिस, खंडोबा आणि शिवाजी मंडळ, या पेठांतल्या संघांना कुठल्या शेखाने पैसे दिलेत? शाहू स्टेडियम तरी भरतंच. बरोबर आहे. पेठेचं नाव, पिढीजात खुन्नस, हरल्यावर आठवडाभर तोंड लपवत फिरणं, हे सगळं तिथे शंभर टक्के आहे. आफ्रिकेतले खेळाडू आणण्यापर्यंत तालमींची मजल गेली आहे. हाणामाऱ्या होतात आणि दरवेळी कुणीतरी ‘स्पर्धाच बंद करा’ म्हणतं, तेही नेहमीचंच. इंग्लंडने १९८०च्या दशकात याहून भयंकर गुंडगिरी पाहिली. इथे स्पर्धा बंद झाल्या नाहीत, प्रेक्षकांच्या बसण्याच्या जागा आणि पोलिसांची पद्धत बदलली. माझी तक्रार दुसरी आहे. पाटाकडीलने कितीही जिंकलं तरी तिथून मुंबईशी भिडण्यापर्यंत पेठेतल्या पोराला समजेल अशी जिन्याची एक पायरी दाखवा. २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. खेळाडू वर गेला, तालीम जिथे होती तिथेच.

एकीकडे पैसा आहे पण खाली जमीन नाही, दुसरीकडे जमीन आहे पण वर जिना नाही. मँचेस्टरात दोन्ही योगायोगाने एकत्र आले असं नाही. इथल्या लीगने १८९२पासून श्रेण्या लावल्या आणि कुणीही वर चढू शकतो, कुणीही खाली पडू शकतो हे गृहीत धरलं.

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. इथून जवळच्या बरी गावाचा क्लब २०१९मध्ये मालकाच्या काळातल्या आर्थिक गोंधळापायी लीगमधून हाकलला गेला. पण लोकांनी नवा संघ काढला, तळातल्या श्रेणीतून सुरुवात केली आणि २०२३मध्ये जुन्या गिग लेन मैदानावर पुन्हा सामने सुरू झाले. २००५मध्ये अमेरिकन ग्लेझर कुटुंबाने युनायटेड घेतलं तेव्हा चिडलेल्या समर्थकांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला. तोही तळापासून चढत गेला. हे शक्य झालं कारण तळ होता. आणि सिटीवरचे आरोप उद्या खरे ठरले, गुण कापले, क्लबला खाली ढकललं, तरी आमचा तो बसचालक कुठल्या मैदानावर जायचं एवढंच विचारेल.

म्हणून मित्रमंडळीतल्या दोन्ही तटांना माझं म्हणणं एकच. मुंबई सिटीला पुढचा धनी कोण मिळतो यावर पैजा लावण्यात वेळ घालवू नका. भांडायचंच असेल तर महासंघाशी भांडा, की वरच्या लीगमधून शेवटचा संघ दरवर्षी खाली जाईल आणि राज्याच्या लीगपासून वरपर्यंतचे नियम लेखी, पाच वर्षांसाठी, न बदलता जाहीर होतील. क्लबचा परवाना मिळायला स्टेडियम, कुमार संघ, पगारी प्रशिक्षक लागतात, ते एका तालमीला परवडणार नाही, असं परवा एकाने लिहिलं. खरं आहे. दोन-तीन तालमींना मिळून एक संघ काढावा लागेल, आणि पाटाकडील आणि दिलबहार एका शर्टात खेळायला तयार होतील का, यावर त्याने काहीच उत्तर दिलेलं नाही.