साडू, सोनाका आणि एक बाटली रेड वाईन

‘‘वाईन? वहिनींसाठी का मालक?’’

जाळीमागच्या पोरानं हे इतक्या खणखणीत आवाजात विचारलं की सोलापूरच्या सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलेल्यांनाही माझ्या घरची खबर लागली असावी. मागे क्वार्टरवाल्यांची रांग होती, ती खुदकन हसली. वहिनींना हवी असती तर वहिनी स्वतः आल्या असत्या, आणि मग या पोराची असं विचारायची छाती झाली नसती. पण हे सगळं मला घरी आल्यावर सुचलं. तिथे मी फक्त ‘‘पाहुण्यांसाठी’’ म्हणालो. अशा दुकानात हे वाक्य प्रत्येकजण म्हणतो, म्हणून त्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही.

पाहुणे मात्र खरे होते. पुण्याचे साडू. त्यांनी व्हिस्की सोडलीय, हल्ली फक्त वाईन घेतात, तीही रेड, तीही ड्राय. पार्श्वभूमी एवढीच.

पोरानं स्टूल आणलं. दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत ‘वाईन’, आणि वाईन कुठे, तर सगळ्यात वरच्या फळीवर, गणपतीच्या फोटोशेजारी, ट्यूबलाइटला टेकून. वर पत्रा, बाहेर एप्रिल. वाईनला उष्णता आणि उजेड दोन्ही सोसत नाहीत, हे मी आदल्या रात्री जागून वाचलं होतं. इथे दोन्हींची चोख व्यवस्था होती. बाटलीवरची धूळ पोरानं शर्टाच्या बाहीनं पुसली.

‘‘जरा अलीकडची नाही का?’’

‘‘जुनी हाय मालक. जुनीच चांगली असती की.’’

हेही मी वाचलं होतं. बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. वर्षानुवर्षं ठेवून सुधारणाऱ्या थोड्या, त्याही थंड अंधाऱ्या तळघरात, पत्र्याखाली नव्हे. मी तोंड उघडणार एवढ्यात मागून आवाज आला, ‘‘बघू.’’

पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, वय साठीच्या पुढे. माझ्या हातात येण्याआधीच बाटली त्यांच्या हातात गेली. गाव नान्नजकडचं, बाग चार एकर, हे त्यांनी न विचारता सांगितलं. नान्नज म्हणजे एके काळी माळढोक आणि आजही द्राक्षं. सोनाका ही जात तिथलीच, काळी शरद सीडलेसही तिथलीच. म्हणजे अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात ज्या माणसासमोर द्राक्षांविषयी बोलू नये, नेमका तोच माझ्या मागे रांगेत उभा होता.

‘‘कंची द्राक्षं हैत ही?’’

‘‘शिराझ,’’ मी लेबल वाचून म्हणालो.

‘‘मणी केवढा?’’

‘‘बारीक असतो.’’

‘‘साल?’’

‘‘जाड.’’

‘‘बी?’’

‘‘असते की.’’

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या मुलीसाठी कामधंदा नसलेला मुलगा सुचवला होता. मग रांगेकडे वळले. ‘‘ऐकलं का? आयुष्य गेलं आमचं मणी फुगवण्यात. विरळणी करा, जीएच्या औषधात घड बुडवा, औषधं मारा, रातच्याला उठून पाऊस बघा. बारीक मणी दिसला की व्यापारी पेटी माघारी करतो. आन् हे बियाचं, जाड सालीचं, बारकं द्राक्ष बाटलीत घालून इकायलेत! केवढ्याला?’’

‘‘नऊशे,’’ पोरानं उत्साहानं सांगितलं. कुणी विचारलं होतं त्याला?

‘‘एका बाटलीला किती माल लागतो?’’

दुर्दैवानं तेही मला ठाऊक होतं. ‘‘किलो-सव्वा किलो.’’

त्यांनी काउंटरवर बोटानं हिशेब मांडला. ‘‘आम्हाला तिशीचा दर मिळाला औंदा. मालाचे चाळीस. बाटली-झाकणाचे वीस धरा. आठशे चाळीस रुपये कशाचे हो साहेब?’’

जणू ते मीच खाल्ले होते. रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी कर, वाहतूक, यंत्रं, दुकानदाराचा नफा असं पुटपुटलो. ‘नफा’ ऐकून पोरगं स्टुलासकट आत गेलं.

मग त्यांनी बाटली उजेडाकडे धरली. ‘‘ह्यो रंग कशाचा?’’

इथे मी फसलो. मी खरं सांगितलं. म्हणालो, काका, काळ्या द्राक्षाचा रससुद्धा बहुतेक पांढुरकाच असतो. रस काढून सालं लगेच बाजूला केली तर काळ्या द्राक्षाचीही व्हाईट वाईन होते. रेडमध्ये सालं रसातच आंबू देतात, त्यांतून रंग उतरतो. सालं आणि बियांतल्या टॅनिनमुळे तोंडाला तुरट ओढ बसते. द्राक्षातली सगळी साखर यीस्टनं संपवली की ड्राय, थोडी उरली की गोडसर. अर्ध्या रात्रीचा अभ्यास मी एका दमात ओकलो.

काकांनी यातलं एकच वाक्य उचललं. ‘‘बरोबर! शरद दाबला तरी रस पांढराच निघतो. मी स्वतः बघितलंय. म्हंजी ह्यात रंग टाकत्यात!’’

‘‘टाकत नाहीत, सालीतून…’’

‘‘आता तुम्हीच म्हनला की पांढरा असतो!’’

‘‘रंगच तो,’’ रांगेतून एकजण म्हणाला. ‘‘सरबताला टाकत्यात तसला,’’ दुसरा. हा दुसरा जे पिणार होता ते बेचाळीस टक्क्यांचं होतं आणि त्याचा तपकिरी रंग कुठून येतो याची त्यानं जन्मात चौकशी केली नव्हती. वाईन बारा-चौदा टक्क्यांची, तर तिच्यासाठी जाळीबाहेर ग्रामसभा. ठराव मंजूर झाला, रंग टाकतात. काकांनी बाटली परत दिली आणि वर दिलासा दिला, ‘‘फेब्रुवारीत बागेत या. पेटी देतो. खावा की नुसती, प्यायची कशाला?’’

माणूस चुकीचं काही बोलत नव्हता, हाच ताप आहे. त्यांच्या सोनाकाची वाईन करायची तर साल पातळ, बी नाही, आंबटपणा बेताचा. खायला सुंदर, बाटलीत अगदीच बेचव. त्यांच्या मालाची धाव बाजारपेठेत नाहीतर बेदाण्याच्या शेडपर्यंत. त्यात भाव पडले तर त्यांच्या रागाला समोर मीच सापडणार.

२०२२च्या जानेवारीत आपल्या मंत्रिमंडळानं ठरवलं होतं, १००० चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटात वाईन कपाटात ठेवून विकू द्यायची. शेतकऱ्यांचं भलं होईल, असं कारण दिलं होतं. त्यावर एवढा गदारोळ झाला की विचारू नका, आणि मी अजून जाळीपुढेच उभा आहे. तांदूळ-डाळीच्या शेजारी शांतपणे लेबल वाचता आलं असतं, एवढंच माझं म्हणणं. शिकायचं कुठे माणसानं? व्हिस्की मागणाऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही. वाईन मागणाऱ्याची मात्र तोंडी परीक्षा, आणि परीक्षक सगळे वाईन न पिणारे.

दुसऱ्या दिवशी पिणारे आले.

मी बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली होती. साडूंनी आधी तिचं झाकण पाहिलं. ‘‘अच्छा, बूच नाही, फिरकीची आहे.’’ न्यूझीलंडमध्ये जवळजवळ सगळी वाईन फिरकीच्या झाकणातच येते, आणि बुचामुळे वाईनला कुबट वास लागण्याची भानगड या झाकणात नसते. पण साडूंचं न्यूझीलंड बाणेरपाशी संपतं. मग त्यांनी काचेला हात लावला आणि दचकले. ‘‘थंड केलीत? रेड नेहमी रूम टेंपरेचरला घ्यायची असते!’’

‘‘ते रूम युरोपातलं,’’ मी म्हणालो. ‘‘सोळा ते अठरा अंश. आपल्या रूममध्ये आत्ता अडतीस आहेत.’’

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसलो. साडूंनी बाटली टेबलावर ‘श्वास घ्यायला’ ठेवली आणि रेड वाईन हृदयाला कशी चांगली, हे सांगायला घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगून टाकलंय की दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. पण पंगतीत जावई बोलत असताना जागतिक आरोग्य संघटनेला कोण विचारतं? पाऊण तास बाटलीनं श्वास घेतला. आमच्या हॉलमध्ये आम्हालाही तो धड घेता येत नव्हता.

शेवटी त्यांनी ग्लास फिरवला, हुंगला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. गरम रेड म्हणजे नुसता अल्कोहोलचा भपका, दुसरं काय होणार!

‘‘जरा हार्श आहे,’’ ते म्हणाले. ‘‘ताक आहे का?’’

ताक होतं. फ्रीजमधलं, थंडगार. कडक भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर त्यांनी तीन पेले घेतले. निघताना चपला घालता घालता मला खांद्यावर थोपटून म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी व्हाईट आणा. उन्हाळ्यात रेड कोण पितं?’’

उरलेली बाटली परत फ्रीजमध्ये आहे. तीन-चार दिवस टिकते, असं वाचलंय. काल ती कैरीच्या पन्ह्यामागे सरकवलेली सापडली आणि बायकोनं विचारलं, ‘‘हे अजून ठेवायचंय का?’’