मामी, तो दाणा प्लास्टिकचा नाही

मामींनी रेशनच्या तांदळातून सुपात निसलेले दाणे कोंबड्यांपुढे टाकले, तेव्हा मी ओसरीतच बसले होते. बाकीच्या तांदळापेक्षा थोडे जास्त पांढरे, गुळगुळीत, मोडले तर आत खडूसारखे. "कोंबडीबी खात नाही पाय," मामी म्हणाल्या. कोंबड्यांनी खाल्ले. पण मोबाइलवरच्या मेसेजपुढे कोंबड्यांची साक्ष कोण धरतो?

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. रेशनच्या तांदळात चीनचा प्लास्टिकचा तांदूळ मिसळलाय. पाण्यात टाका, तरंगतो. भाताचा गोळा आपटा, उसळतो. जाळा, वितळतो. असे दाणे निवडून फेका, नाहीतर कॅन्सर.

आधी चीनचं संपवून टाकते. तांदूळ परदेशात पाठवण्यात भारत जगात पहिला आहे, तो चीनमधून कशाला मागवेल? दिवाळीनंतर सरकारी हमीभावाच्या आधारभूत खरेदी केंद्रावर धानाची पोती घेऊन रांगेत कोण उभं असतं? आपणच. मार्केटिंग फेडरेशन किंवा आदिवासी विकास महामंडळ तो धान घेतं, राइस मिलला भरडाईला देतं, आणि मिलवाला क्विंटलमागे 67 किलो तांदूळ सरकारात जमा करतो. त्यातलाच बराचसा फिरून रेशन दुकानात येतो. म्हणजे आपल्याच बांधीतला धान आपल्याच सुपात येतो आणि आपण त्याला चिनी म्हणतो. शिवाय प्लास्टिकचे कच्चे दाणेही तांदळाहून महाग पडतात. भेसळ करणारा नेहमी स्वस्त माल घालतो. कणी निघाली, खडे निघाले, सोंडे निघाले तर जरूर भांडा, मीही भांडले आहे.

मग तो वेगळा दाणा कशाचा? तांदळाचाच. तांदळाचं पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळतात आणि शेवयांसारखं यंत्रातून काढून दाण्याएवढे तुकडे पाडतात. 100 किलो साध्या तांदळात असे दाणे 1 किलो. यालाच फोर्टिफाइड, म्हणजे पोषण घातलेला तांदूळ म्हणतात. पोत्यावर इंग्रजी एफ आणि अधिकचं चिन्ह असतं. 15 ऑगस्ट 2021 ला पंतप्रधानांनी सगळ्या सरकारी योजनांत हा तांदूळ देणार असं जाहीर केलं. त्याच्याही आधी आपल्या गडचिरोलीत तो प्रायोगिक म्हणून सुरू झाला होता. दुकानात एक पाटी लावली असती तरी निम्म्या बायांचं निसणं वाचलं असतं. आमच्याकडे ती कुणी लावली नाही, आणि रिकाम्या जागेत मेसेज घुसला.

तरंगण्याचं म्हणाल तर ते खरंच आहे, काही दाणे तरंगतात. पिठाचा दाणा दाबून काढताना आत बारीक हवा राहते, म्हणून. किडीनं पोखरलेला साधा तांदूळही तरंगतोच की. मी मामींसमोर वीसेक दाणे पेल्यात रात्रभर भिजत ठेवले. सकाळी बोटांत चुरडले तर पीठ झालं. मग मुलांच्या जखमेला लावायचं आयोडीन एक थेंब टाकलं, तर साध्या भातासारखेच काळेनिळे पडले. हा पिठातल्या स्टार्चचा रंग आहे. प्लास्टिकवर तो चढत नाही.

उसळण्यात काही विशेष नाही. आपल्या चिन्नोर वाणाच्या तांदळाचा भात घट्ट वळून आपटा, तोही थोडा उसळेल, शिजलेला भात चिवट असतोच. आणि जाळून पाहिलंत तर करपलेल्या भाताचा वास येतो आणि कोळसा उरतो. प्लास्टिक असतं तर थेंब गळले असते.

आता खाण्याचं. किलोभर तांदळात 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असावं असं मानक आहे. दिवसाला 300 ग्रॅम तांदूळ पोटात गेला तर साधारण साडेआठ ते पावणेतेरा मिलिग्रॅम. 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. वरण-भात आणि वांग्याच्या भाजीवर दिवस काढणाऱ्या घरात बी-12 तर शोधूनही सापडत नाही. म्हणून ते दाणे फेकू नका. पेज काढून भात करत असाल तर पेजही गटारात सोडू नका. जीवनसत्त्वांचा काही भाग तिच्यातच उतरतो. मीठ आणि ताक घालून प्या, आपल्या आज्या प्यायच्याच.

इथपर्यंत माझं उत्तर सरळ होतं. पण मामींची नात सिकलसेलची आहे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. नुसती वाहक, म्हणजे एएस नव्हे, तर प्रत्यक्ष आजार असलेली, एसएस. वर्षातून दोन-तीनदा तिला रक्त चढवावं लागतं, आणि वारंवार रक्त चढवलेल्या अंगात लोह साठत जातं. अन्न सुरक्षेच्या 2018 च्या नियमांतच लोह घातलेल्या अन्नाच्या वेष्टनावर अशी सूचना छापायला सांगितली होती: थॅलेसेमिया (रक्ताचाच दुसरा आनुवंशिक आजार) असलेल्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली खावं, सिकलसेलच्या रुग्णांनी खाऊ नये. सूचना पोत्यावर, आणि तांदूळ मिळतो मोजून, आपल्या पिशवीत! पुढे तज्ज्ञांनी पुन्हा तपासलं, आणि या तांदळातून अशा रुग्णांना अपाय होत नाही, सूचनेची गरज नाही, असं 2024 मध्ये केंद्रानं ठरवलं. ठीक आहे, मी काही डॉक्टर नाही. पण गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर हा सिकलसेलचाच पट्टा आहे, आणि आमच्या दुकानात ना आधी कुणी ही सूचना वाचून दाखवली, ना नंतर ती का काढली ते सांगितलं. ओरडायचंच तर यावर ओरडायला हवं होतं. आम्ही प्लास्टिक प्लास्टिक करत बसलो.

मामींना घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी नातीच्या अंगात लोह किती साठलंय त्याची तपासणी लिहून दिली. वाहक असलेल्या सुनेला मात्र त्यांनी खुशाल खा म्हणून सांगितलं.

रिपोर्ट यायचा आहे. तोवर मामी नातीपुरते दाणे निसतात आणि मी काही बोलत नाही. एवढंच म्हटलं, "कोंबड्यांना टाकू नका, माझ्या डब्यात टाका."