खुलासा: ‘४५ दिवसांत उत्तर द्या’ हा नियम आपल्याकडचा नाही

मुलाखतीनंतर ४५ दिवसांत निकाल कळवला नाही, तर वांद्र्याच्या कामगार भवनात तक्रार करा, असा मेसेज मुंबईत फिरतोय. नियम खरा आहे, पण कॅनडातल्या ऑंटारियो प्रांताचा. १ जानेवारी २०२६ पासून तिथल्या २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना तो लागू आहे. आपल्याकडे खासगी कंपनीवर असं बंधन नाही. सरकारी भरतीत मात्र १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात स्वतःचे गुण मागता येतात.

कंपन्या गप्प का बसतात? अनेकदा पहिल्या पसंतीच्या उमेदवाराचा नोटीस पिरियड ६० ते ९० दिवसांचा असतो. तो रुजू होईपर्यंत दुसऱ्याला नकार कळवत नाहीत. हातचा राखून ठेवतात. नोकरीच्या पोर्टलवरचं ‘अंडर रिव्ह्यू’ही (अर्ज विचाराधीन) त्यामुळे तसंच राहतं, त्यावर फार विसंबू नका.

मुलाखत संपतानाच विचारा: कधीपर्यंत कळेल, कोण कळवेल? ती तारीख उलटून दोन-तीन कामाचे दिवस गेले की मुलाखतीच्या मूळ ईमेललाच रिप्लाय करा. पद, मुलाखतीची तारीख आणि एकच प्रश्न लिहा. नवा ईमेल एचआरच्या इनबॉक्सच्या गर्दीत हरवू शकतो.