‘युनिक मारा, फाइल साफ’ या फॉरवर्डमध्ये नेमकं काय चुकलंय

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासच्या पोरांपासून ते गावोगावच्या दूध संस्थांचा डेटा सांभाळणाऱ्या ऑपरेटरपर्यंत, कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: फाइल कितीही मोठी असू दे, लिनक्सवर ‘युनिक’ (uniq) ही कमांड मारा, दुबार ओळी गायब. ओळी क्रमाने लावणाऱ्या ‘सॉर्ट’च्या नादाला लागू नका, ते अख्खी फाइल रॅममध्ये ओढतं, मशीन हँग होतं. मूळ क्रम जपायचा असेल तर ‘ऑक’ (awk) या कमांडची एक ओळ बास, तिला मेमरी लागतच नाही. तरी जड जात असेल तर ‘स्प्लिट’ने तुकडे करा, एकेक साफ करा, परत जोडा. निकाल त्याच फाइलवर लिहा, जागा वाचेल. आणि शेवटी अर्थातच, ‘नाद खुळा ट्रिक’.

चारही कमांड खऱ्या आणि कामाच्या आहेत. पण कुठली काय करते याची मेसेजात पार अदलाबदल झाली आहे.

आधी युनिक. ते प्रत्येक ओळ फक्त तिच्या लगेच आधीच्या ओळीशी ताडून बघतं, बाकी काही लक्षात ठेवत नाही. कागल, कागल, शिरोळ, कागल अशा चार ओळी दिल्या तर कागल, शिरोळ, कागल अशा तीन परत येतात. शेवटचं कागल तसंच राहतं आणि एरर काही येत नाही. छोट्या नमुन्यावर करून बघताना दुबार बहुधा शेजारीशेजारीच असतात म्हणून ट्रिक चालल्यासारखी वाटते. खऱ्या फाइलवर आधी सॉर्ट करून मगच युनिक लावायचं, किंवा सरळ ‘सॉर्ट -यू’, जे दोन्ही एकदम करतं.

‘सॉर्ट अख्खी फाइल रॅममध्ये ओढतं’ हे तर उलटंच आहे. लिनक्सवरचं नेहमीचं, म्हणजे जीएनयू प्रकल्पाचं सॉर्ट मेमरीचा ठरावीक हिस्सा घेतं, तो भरला की तेवढ्या ओळी क्रमाने लावून तात्पुरत्या फाइलमध्ये टाकतं आणि पुढचा घास घेतं. शेवटी या सगळ्या फाइली एकत्र विणतं, वेगळं न सांगितल्यास एका वेळी जास्तीत जास्त १६. म्हणून ८ जीबी रॅमच्या मशीनवर ५० जीबीची फाइलही क्रमाने लावून होते. वेळ लागेल, डिस्कवर साधारण फाइलएवढी मोकळी जागा लागेल, पण काम होईल. मेमरी किती घ्यायची ते ‘-एस’ने (कॅपिटल एस) सांगता येतं.

मशीन हँग होण्यात मात्र थोडं तथ्य आहे, कारण वेगळं आहे. तात्पुरत्या फाइली ठरवून न दिल्यास ‘टीएमपी’ फोल्डरमध्ये जातात, आणि फेडोरासारख्या काही लिनक्समध्ये ते फोल्डर रॅममध्येच असतं. म्हणजे डिस्कवर टाकतोय असं समजून सॉर्ट रॅमच भरत राहतं. ‘-टी’ (कॅपिटल टी) लावून मोठ्या डिस्कवरचं फोल्डर दिलं की प्रश्न मिटला. सोबत ‘एलसी_ऑल’ची, म्हणजे कुठल्या भाषेच्या नियमांनी क्रम लावायचा त्या सेटिंगची किंमत ‘सी’ करून घ्या. मग तुलना सरळ बाइटवर होते, वेग वाढतो, आणि दुसरा एक धोकाही टळतो. २०१८मध्ये ग्लिबसीची (लिनक्सच्या कमांडी जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) २.२८ आवृत्ती येईपर्यंत काही चिन्हांना क्रमातलं स्थानच दिलेलं नव्हतं, त्यामुळे ‘सॉर्ट -यू’ कधीकधी दोन वेगळ्या ओळी एकच समजून एक गिळायचं. जुन्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता ऑक. त्याची ती प्रसिद्ध एक ओळ सुंदर आहे यात वाद नाही: आलेली प्रत्येक ओळ यादीत नोंदवायची आणि पहिल्यांदाच दिसली तर छापायची. क्रम राहतो, सॉर्ट लागत नाही. पण ती यादी असते कुठे? रॅममध्येच. वेगळ्या ओळी जितक्या जास्त, तितकी मेमरी जास्त, वर नोंदीचा बोजा वेगळा. एका कोटी ओळींत वेगळ्या दहा हजारच असतील तर बिनधास्त वापरा. पण बहुतेक ओळी वेगळ्याच असलेली २० जीबीची फाइल दिलीत तर मशीनला घाम फोडणारं हेच, सॉर्ट नव्हे. क्रमही हवा आणि फाइलही अवाढव्य असेल तर ‘कॅट -एन’ने ओळींना नंबर द्या, नंबर सोडून बाकी मजकुरावर ‘सॉर्ट -यू’ करा, मग नंबरावर पुन्हा सॉर्ट करून ‘कट’ने नंबर काढून टाका.

तुकड्यांच्या सल्ल्याला फार वेळ द्यायला नको. तीच ओळ पहिल्या तुकड्यात आणि सातव्यातही असेल तर दोन्ही तुकडे आपापल्या जागी स्वच्छ, आणि जोडल्यावर ओळ पुन्हा दुबार. तुकडे सॉर्ट करून ‘सॉर्ट -एम -यू’ने विणले तर बरोबर उत्तर येतं, पण सॉर्ट आतून तेच करत असतं.

मेसेजने ज्याला हातच घातला नाही तो प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो: दुबार म्हणायचं कशाला? कऱ्हाड हे नाव घ्या. कुणाच्या कीबोर्डवरून ते ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने येतं, कुणाच्या ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक यांतून: कर्‍हाड. पडद्यावर दोन्ही सारखे. पण ‘ऱ्ह’ला पहिल्या पद्धतीत ९ बाइट लागतात, दुसऱ्यात १२. कुठलीच कमांड यांना एक मानणार नाही, युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची ठरलेली पद्धतसुद्धा या दोघांना एक करत नाही. आधी ‘सेड’ने (मजकूर शोधून बदलणारी कमांड) एक रूप ठरवून घ्यावं लागतं. विंडोजवरून आलेल्या फाइलमध्ये ओळीच्या टोकाला लपलेलं जादा चिन्ह आणि शेवटची मोकळी जागा हेही असंच; ते काढल्याशिवाय सॉर्टला हात लावू नका.

उलट बाजूही आहे. दूध संकलनाच्या फाइलमध्ये सभासद क्रमांक, लिटर आणि फॅट एवढंच असेल, तारीख आणि वेळ नसेल, तर सकाळचं ५ लिटर आणि संध्याकाळचं ५ लिटर या हुबेहूब ओळी होतात. एक उडवलीत की सभासदाच्या बिलातून ५ लिटर गेलं. राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीचं तसंच. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ वर. तासातासाच्या नोंदीत फक्त फूट असतील आणि पाणी ४३ला जाऊन ४१वर उतरून पुन्हा ४३ला चढलं, तर ऑक दुसरी चढण पुसून टाकेल. इथे ज्या युनिकला वर नावं ठेवली तेच बरोबर वागतं: शेजारच्या सारख्या ओळी एक करतं, दुसरी चढण राखतं. किती तास पाणी तिथेच होतं हेही हवं असेल तर ‘-सी’ लावा, प्रत्येक ओळीपुढे मोजणी येते.

राहता राहिलं ‘निकाल त्याच फाइलवर लिहा’. ‘>’ पुढे मूळ फाइलचं नाव दिलं की शेल, म्हणजे कमांडी चालवणारा प्रोग्राम, कमांड सुरू होण्याआधीच ती फाइल रिकामी करतो. वाचायला ओळ उरत नाही, दुबार तर सोडाच. सॉर्टपुरता ‘-ओ’ हा पर्याय त्याच नावावर नीट लिहितो, कारण तो आधी सगळं वाचून घेतो. बाकी कमांडींचा निकाल वेगळ्या नावाने घ्या, ‘डब्ल्यूसी -एल’ने दोन्हीकडच्या ओळी मोजा, नेमक्या कुठल्या ओळी उडाल्या ते सॉर्ट केलेल्या मूळ फाइलवर फक्त दुबार ओळी दाखवणारं ‘युनिक -डी’ लावून बघा, आणि मगच मूळ फाइलला हात लावा. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर निदान ‘त्याच फाइलवर लिहा’ ही ओळ खोडून पाठवा.